टेकडीची ऊब

२ डिसेंबर
पोहोचलो एकदाच्या. खोली झकास आहे. दोन खाटा, मोठी खिडकी, नळाला पाणी. आरशात मी हुबेहूब माझ्या सासूसारखी दिसते म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे करून टाकलं. धाकटी हसली. तिचा नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. माझी ही बहीण झोपतच नाही, छताकडे बघत पडते. म्हणूनच तिला इकडे ओढून आणलंय. अंग मोडेपर्यंत काम केलं की झोप झक मारत येईल.

काम बागेचं. कोळशाची खाण बंद झाली, तिच्यातून उपसलेल्या दगडमातीचं काळं टेकाड उरलं. आता त्यावर चांगली माती पसरून हिरवळ, पायवाटा, बाकडी, पोरांना घसरगुंडी. मुकादम म्हणाला, मावशी, लोक इथे सहलीला येतील बघा. मी म्हटलं, येऊ देत, पण मावशी कोणाला म्हणतोस? तुझेच केस पिकलेत.

६ डिसेंबर
टेकाड आतून गरम आहे. मुकादम म्हणतो, कोळशाचा चुरा आत धुमसत असतो, घाबरायचं काही नाही. वाफ निघायला जागोजागी लोखंडी पाइप रोवलेत. त्यांना सडक्या अंड्यांचा वास मारतो. पण या थंडीत काय सुख! दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळ्या बायका उतारावर आडव्या. माझी कंबर सैल झाली. आणि धाकटी झोपली! घोरली चक्क. मी म्हटलं, बये, हळू, लावलेली रोपं उपटून येतील.

११ डिसेंबर
साहेब लोक पाहणीला आले, नाकाला रुमाल लावून गेले. वास नको म्हणे. मुकादमाने मला पाइप बुजवायला सांगितले, पण सावकाश, मधले काही मोकळे ठेवून. कोण चढउतार करत बसणार? चिंध्या आणि चिखल कोंबून एका दमात सगळे बंद करून टाकले. वास गेला. ऊब वाढली.

१४ डिसेंबर
धाकटी आता सुट्टीआधीच आडवी होते. उठवलं तर गुरकावते. म्हणते, ताई, खालून कोणीतरी पाठ दाबून देतं. मी म्हटलं, मग माझीही दाबायला सांग. नंतर सहज हात टेकवला. माती वर-खाली होत होती. झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.

१६ डिसेंबर
मुकादम दुपारी जरा पडतो म्हणाला. परत आलाच नाही. पडला होता तिथे त्याच्या अंगाएवढं गवत, दाट, हिरवंगार. बाकी उतारावर अजून गवताचा कोंबही नाही. बायका म्हणाल्या, पळाला असेल काम सोडून. आणि जांभया दिल्या. कोणात विचार करायचंही त्राण नाही.

१७ डिसेंबर
पाइप मोकळे करायला गेले. चिखल खरवडला. वाफ नाही, वास नाही. उलट आतून हवा ओढली जात होती — माझी बोटंसुद्धा. कशीबशी सोडवली. धाकटीला म्हटलं, सामान आवर, उद्या सकाळीच निघायचं. म्हणाली, तू जा. मला आत्ता कुठे झोप लागायला लागलीये.

१८ डिसेंबर
सकाळी तिची खाट रिकामी. उतारावर सापडली. कमरेपर्यंत मातीत. ओढते, येत नाही. चेहरा शांत, पाळण्यातल्या पोरासारखा. केसांत गवत — नाही, केसांतून. बायकांना हाका मारल्या. त्या उतारभर आडव्या, एकही डोळा उघडत नाही —

दुपार
हात धरून बसलेय. सोडला की गेली. फावडं वर खोपटात आहे. आणायला उठले तर —
छातीपर्यंत.
पाय जड झालेत. डोळे मिटतात. गाणी म्हणतेय मोठ्याने. चिमटे काढतेय स्वतःला —

तिने माझा हात घट्ट धरला. जागी झाली! जागी झा —
नाही. ओढतेय. ती मला —
जरा पाठ टेकते. हात सोडणार नाही. फक्त पाठ टेकते, मग दोघी मिळून