टपालघराची भिंत आणि तुझी

ती. आईला लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. इथल्या अकरा संरक्षित इमारतींपैकी जुनं टपालघर दुरुस्तीला माझ्याकडे दिलंय. मागे कुणा शहाण्याने चुन्याच्या भिंतीवर पाऊण इंच सिमेंट थापलं आणि ओल आतच कोंडली. ते मी छिन्नीने अलगद काढतोय. इंजिनीअर म्हणाला, "काका, कुठल्या कॉलेजात शिकलात?" म्हटलं, "भिंतीवरच."

तसं बाबाही सांगायचे, चुन्याला श्वास घेऊ दे. तेव्हा मी हसलो आणि तुझ्या खोलीला सिमेंट लावून मोकळा झालो.

तुझा खोकला कसा आहे? पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेव. दादाला वरून रंग मारू देऊ नकोस. ती भिंत मी बिघडवली, मीच येऊन खरवडीन.

तुझा,
धाकटा