दोन्हीकडं नऊ पानं

१२ एप्रिल, रविवार
हिरॉईनच्या गळ्यातल्या हाराचा हिशोब. वजन अंदाजे दोनशे ग्रॅम, चांदीवर सोन्याचं पाणी, काचेचे खडे. माल, मजुरी, पॉलिश धरून फार तर पन्नास हजार. मुंबईच्या डिझायनरबाईंचा भाव चार लाख ऐंशी हजार. म्हणजे चार लाख तीस हजार नुसत्या सहीचे. आणि सही तर हारावर दिसतही नाही.

फोटो नंदिनीनं दाखवला. १० मेला तिचा साखरपुडा. म्हणाली, बाबा, असाच हार भाड्यानं मिळतो, एका दिवसाचे चार हजार. भाड्यानं! मी देवगाव रंगारीहून एक पत्र्याची पेटी घेऊन आलो, वाळूजमध्ये स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, बावीस वर्षं प्रेस टूल बनवतोय, ते मुलीनं साखरपुड्यात दुसऱ्याचा हार घालायला? मंडपवाल्याची भांडी भाड्यानं आणतात. हार नाही.

निश्चय: हार मीच बनवणार. पान म्हणजे शेवटी पत्राच. डाय म्हणजे साचा केला की पडलं पान.

१५ एप्रिल
तीन दिवस सेलिब्रिटी लोकांचे दागिने अभ्यासतोय. नंदिनी याला इन्स्पिरेशन म्हणते. एकीनं नाकापासून कानापर्यंत साखळी ओढलीय, गावाकडं म्हशीला वेसण घालताना आपण निदान कान सोडतो. एका हिरोनं कोटाला मोर लावलाय, मोर हिरोपेक्षा मोठा. एकीच्या गळ्यात सोन्याची सेफ्टी पिन. माझ्या आईच्या बांगड्यांत कायम चार पिना असायच्या. पण आईचा, सरूबाईचा, फोटो कुठं छापून आला नाही.

आपल्या हाराचा फोटो झूम करून पानं मोजली. डावीकडं सात, उजवीकडं नऊ! चार लाख ऐंशी हजारांचा माल आणि इन्स्पेक्शन शून्य. बायको म्हणाली, अहो, ती फॅशन असते. तिला सांगितलं, आमच्या कंपनीवाल्यांना असा पीस दिला तर अख्खा लॉट परत येतो, ते फॅशन म्हणून ठेवून घेत नाहीत.
माझ्या हाराला दोन्हीकडं नऊ. चूक दुरुस्त.

१९ एप्रिल
माझे कान तिखट आहेत. चालू मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगतो, घरातल्या भिंतींची काय कथा. आज आतून नंदिनी म्हणत होती, आई, बाबांना तूच सांग ना. ही म्हणाली, तूच सांग, तुझा बाप आहे. बराच वेळ तूच-तूच चाललं. शेवटी कुणीच आलं नाही.
पोरीला आभार मानायला लाज वाटत असणार. माझ्यावर गेलीय.

२४ एप्रिल
डाय तयार. पहिलं पान पडलं. काय आवाज! पितळ, दीड मिलिमीटर. डिझायनर लोक कागदासारखा पत्रा वापरतात, म्हणून त्यांच्या हिरॉइनी मान हलवत नाहीत.

मोतीराम अठरा वर्षं माझ्याकडं फिटर आहे, उगाच स्तुती करणारा माणूस नाही. पान हातात घेऊन म्हणाला, मालक, लई दणकट झालंय, बैलाच्या गळ्यात बी टिकंल.
लिहून ठेवलं. पुढंमागं धंदा वाढवला तर जाहिरातीत घालता येईल.

२६ एप्रिल
गळ्याच्या मापाचा प्रश्न. हार बनतोय हे घरात माहीत आहे, पण कसा ते सरप्राइज, म्हणून नंदिनीचं माप घेता येत नाही. माझी कॉलर साडेपंधरा इंच. सगळे म्हणतात पोरगी बापावर गेलीय. साडेपंधरा फायनल.

२ मे
आज लॉक. डिझायनरबाईंच्या हाराला मागं दोरी आहे. दोरी! सकाळी फिरायला गेलेल्या बायकांच्या गळ्यातलं बाइकवाले ओढून नेतात, आणि या दोरी देतात. माझं लॉक स्वतःच्या डिझाइनचं: आत स्प्रिंग, मागं बारीक भोक, भोकात खास पिन घातली तरच उघडतं. पिन आणि भोक इतकं फिट, मधून हवा जाणार नाही. लागताना 'टक' असा आवाज. तो ऐकला की समजायचं, काम पक्कं.
मी एका बाजूनं ओढला, मोतीरामनं दुसऱ्या. निघाला नाही. मोतीराम म्हणाला, मालक, ताईला साखरपुड्यानंतर काढायचा असंल तर? माणूस चांगला आहे, पण दूरचं दिसत नाही.

७ मे
चिकलठाण्याहून प्लेटिंग होऊन आला. आधी निकेल, वर सोनेरी. दोन थर घेतले, एका थरावर मी समाधान मानत नाही. चमक अशी की मोतीरामनं डोळे बारीक केले.

व्याही आप्पासाहेबांचा फोन. म्हणाले, रामकिसनराव, आमच्याकडून काही अपेक्षा नाय, साधंच करा. मी म्हणालो, साधंच आहे, फक्त एक वस्तू बघाल. साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत माझा हार दिसणार. तारीख टाकून लिहून ठेवतो.

९ मे, संध्याकाळ
हार नंदिनीला दिला. तिनं दोन्ही हातांत तोलला. म्हणाली, बाबा, केवढा जड आहे. वजन केलं, पाचशे साठ ग्रॅम. डिझायनरबाईंच्या जवळजवळ तिप्पट, तेही एका रुपयाची सही न लावता. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी प्लेटिंगचं बिल शोधत होतो.

नंतर भिंतीतून. ही म्हणाली, राहू दे, पदराखाली झाकून जाईल. नंदिनी म्हणाली, आई, तो चोकर आहे, गळ्यालगत बसतो, पदराखाली कसा जाईल? मग म्हणाली, घालीन मी, महिनाभर खपलेत ते. ही म्हणाली, अगं, मान मोडंल.
मायलेकींचं घालण्यावर एकमत झालेलं दिसतं.

१० मे, सकाळी ६.१०
कार्यक्रम साडेदहाला. माझ्या दुकानातून तपासल्याशिवाय एक वॉशर बाहेर पडत नाही, मग हार कसा पडेल? फायनल इन्स्पेक्शन स्वतःच्या गळ्यावर केलं. साडेपंधरा इंच, एकदम बरोबर.
टक.
आवाज फर्स्ट क्लास.

६.२५
पिन भोकात जात नाही.

६.४०
कारण सापडलं. प्लेटिंगचे दोन थर भोकाच्या आतही बसलेत. भोक बारीक झालं. पिनचं माप प्लेटिंगच्या आधीचं. ही चूक नवीन पोरगं करतं. प्लेटिंगवाल्यानं सांगायला हवं होतं.

७.१५
मोतीरामला बोलावलं. त्यानं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी म्हणालो, ग्राइंडर आण. तो म्हणाला, मालक, अठरा वर्षं तुमचं सगळं ऐकलं, पण तुमच्या गळ्यावर ग्राइंडर मी नाय चालवणार. पक्कडीनं कडी तोडू म्हणाला, तर मीच नाही म्हणालो, माझा हार आणि पक्कडीनं तोडायचा?

८.००
बायकोला सांगितलं. हसली नाही. आत गेली, दार लावलं, मग हसली. भिंत पातळ आहे.
नंदिनी पिन घेऊन अर्धा तास प्रयत्न करत बसली. चेहऱ्यावर मात्र कुठंच दुःख नव्हतं. आईची ठुशी घातली. छान दिसत होती, हे इथं लिहायला हरकत नाही.
उपाय: गळ्याभोवती शेला, वरपर्यंत. बेचाळीस डिग्रीत.

रात्री ९.००
साडेअकरापर्यंत सगळं ठीक होतं. कुणी विचारलं, रामकिसनभाऊ, शेला? म्हणालो, घसा धरलाय.
मग व्याही-भेट. व्याह्यांनी एकमेकांना टोपी, टॉवेल, शेला घालायची आपली जुनी रीत. ही रीत मला पाठ आहे, दोन बहिणींच्या लग्नांत मी स्वतः केलीय. आज सकाळीच कशी आठवली नाही, देव जाणे. आप्पासाहेबांनी नवा शेला घालायला माझा जुना शेला आदरानं काढला.

हॉल गप्प. फोटोग्राफर मात्र नाही.

आप्पासाहेबांनी नीट निरखलं. म्हणाले, रामकिसनराव, तुमच्याकडं पोरीच्या बापाला बी घालत्यात काय? जावईबापू ऋतुराज खाली बघत होते, खांदे हलत होते. तेवढ्यात नंदिनी पुढं आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, बाबांनी माझ्यासाठी स्वतः बनवलाय, दोन्हीकडं नऊ पानं आहेत, मोजून बघा. आप्पासाहेबांनी खरंच मोजली. म्हणाले, बरोबर हायत. मग त्यांनी मला मिठी मारली. हार त्यांनाही टोचला.

दोन वाजता मंडपवाल्याच्या पक्कडीनं तिसऱ्या पानाची कडी तोडून काढला. लॉक अजून बंद आहे.

१२ मे
फोटोग्राफरनं फोटो पाठवले. हार सव्वीस फोटोंत आहे. सव्वीसही माझे.