हाकेपुरती जागा

४ ऑक्टोबर

सोइची टीव्हीवर! माझा नातू – तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांखाली लाल रेघा, डोक्यावर पिसं. बँडमध्ये त्याचं नाव झाकुरो, म्हणजे डाळिंब. डाळिंबच का, देव जाणे! मालिकेत तो दुष्ट सरदार झाल्यापासून शेजारची नोबुए म्हणते, "तुझा नातू किती गोड मुडदे पाडतो गं!" बघता बघता माझी रताळी करपली. करपू देत.

आमचे हे टीव्हीकडे पाठ करून जाळं सांधत बसले. नऊ वर्षं हेच. तेव्हा देवळात गावचं नाटक होतं, सोइची नायक – आणि पोरगा सकाळच्या बोटीने तोक्योला पसार! बँडसाठी. त्याचे कपडे चढवून ह्यांनाच उभं राहावं लागलं. आता आपल्या ह्या नाटकांत नट ऐन भरात डोळे वटारून थिजला, की लोकांतून त्याच्या घराच्या नावाने हाक पडायला हवी. आमचं घर 'आबुराया', पूर्वी तेल गाळायचे ना. आणि गावात ही हाक देणारे एकटे हेच! स्वतःला कशी देणार? थिजले, आणि सगळं गप्प. भुंड्यासारखा उभा राहिलो, म्हणाले. घराचं नाव त्या कार्ट्यासाठी पुन्हा तोंडातून काढणार नाही, म्हणाले.

७ ऑक्टोबर

परत टीव्हीवर. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, "गाता गाता तुम्ही मध्येच थिजता, तीन ठोके सगळं गप्प. दर वेळी. का?"

सोइची म्हणाला, "ती जागा एका माणसाची आहे. तो नसला तरी मी ठेवतो."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. मागून हे म्हणाले, "तीन फार होतात. अडीच पुरे."

म्हणजे ऐकतात की!

१० ऑक्टोबर

सोइचीने बेटासमोरच्या ताकामात्सू शहरातल्या कार्यक्रमाची तीन तिकिटं धाडली. एक नोबुएला. ह्यांना विचारलं, तर "असल्या रंगाऱ्याकडे मी नाही येत." त्यांचं तिकीट देव्हाऱ्यात सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवलं. त्यांना नाटकाचा भारी नाद.

१३ ऑक्टोबर

नोबुएने केस जांभळे केले. वय चौऱ्याहत्तर!

१८ ऑक्टोबर

दुपारचा खेळ. कानात कापूस घालून बसले, मग काढला. काय तो आवाज! पोरी रडत होत्या. आणि सोइची – लहान असताना भोपळ्याची भाजी ताटाखाली लपवायचा, तोच हा!

मग तो थिजला. डोळे वटारलेले. हजार माणसं गप्प. पहिला ठोका गेला. दुसरा गेला.

"आबुरायाऽऽ!"

पार मागून, अंधारातून. अडीच ठोक्यांवर.

सोइची हलला नाही. नट आहे. पुढची ओळ मात्र चुकला.

नोबुए दंडाला चिमटे काढते, "मागे बघ ना गं!" धीर झाला नाही. आपल्या बेटावरचं कुणीही आलं असेल.

नोबुएच्या खरेदीपायी शेवटच्या बोटीने घरी आले, तर हे जाळं सांधताहेत. मी सोडून गेले होते तसेच. एक शब्द नाही! सूप पुढे ठेवलं, प्याले, झोपले.

१९ ऑक्टोबर

ह्यांचा घसा पार बसलाय. आवाजच फुटेना, म्हणून काल गप्प! देव्हाऱ्यातलं तिकीट अर्धं फाटलेलं. मधात मुळा मुरत घातलाय. रविवारपर्यंत घसा सुटायलाच हवा – देवळात नाटक आहे, आणि सोइची येतोय, सकाळच्या बोटीने.