शिंगराचं जास्तीचं बोट

म्हसवड, ४ मार्च १९४४
सकाळीच सुभेदारांचं बोलावणं. घोडी व्याली. शिंगरू धडधाकट, तासाभरात उभं राहिलेलं. पण पुढच्या उजव्या पायाला आतल्या बाजूने एक जास्तीचं बोट. माझ्या अंगठ्याएवढं, टोकाला इवलासा खूरसुद्धा. जमिनीला टेकत नाही, नुसतं लोंबतंय. पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं, जिवंत जनावराला कधीच नाही.

सु. बंदूक पुसत बसलेले. मुलगा इटलीत लढाईवर, दोन महिने पत्र नाही, त्यात हा अपशकुन. "असली खोड दावणीला ठिवायची न्हाई डाक्तर. दुपारच्याला गोळी घालतो."

हातापाया पडून आठ दिवस मागून घेतले. सांगलीला माझ्या मित्राला, वामनला, लगेच पत्र टाकलं.

६ मार्च
पुन्हा गेलो. सु.ना ओसरीवर बसवलं, माझा हात टेबलावर बोटांच्या टोकांवर उभा केला. मग एकेक बोट उचलत मधलं तेवढं टेकवून ठेवलं. म्हटलं, घोडं म्हणजे मधल्या बोटाच्या नखावर उभं राहिलेलं जनावर. पुढचा गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट. फार फार पूर्वी त्यालाही जास्त बोटं होती. ती आखडत गेली, आता नळीच्या हाडाला दोन्हीकडून चिकटलेल्या दोन काड्या राहिल्यात. उपयोग शून्य. कोऱ्या मातीतून घोडं घडवायला कोणी बसलं असतं तर त्या कशाला ठेवल्या असत्या? वटवाघळाचा पंख घ्या, आपला हात घ्या, हाडांची मांडणी एकच. जुनंच वळवून वळवून नवं होतं.

सु. बराच वेळ स्वतःचं मनगट चाचपत होते. "म्हंजी बोट गेलं न्हवतं. दडून बसलं हुतं."

पाच वर्षं या तालुक्यात गुरांची लाळ-खुरकत बघतोय. इतकं नेमकं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

आतून सुभेदारीणबाई: "आवं डाक्तर, मग त्या मुक्या जिवाचा ह्यात काय दोष? ह्यास्नी सांगा की."

सांगितलं. बंदूक खुंटीवर गेली. घरी येताना चक्क शीळ घालत आलो.

९ मार्च
वामनचं उत्तर. तो सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. वीस तारखेला त्याचं जाहीर व्याख्यान, उत्क्रांतीवर. 'बोट हाडासकट बाटलीत घालून आण. चित्रावर लोक विश्वास ठेवत नाहीत. तुझं नाव व्यासपीठावरून घेईन.'

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. वय वर्षं अडतीस, आणि ही हौस!

१२ मार्च
सु. पार वळले. घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून शकुन सांगणारा कोणी म्हातारा आला होता, त्याला म्हणे दारातूनच परत धाडला. मग मला: "कापायचं का ऱ्हाऊ द्यायचं? तुमची आर्डर."

खरं उत्तर होतं, राहू द्या. मोठं झाल्यावर दुसऱ्या पायाला घासलं तर बघू. आणि कापायचंच तर धनुर्वाताची लस येऊ दे. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो. मुंबईला लिहिलंय, सु.ना तसं सांगितलंही होतं, पण लढाईच्या धामधुमीत पार्सलाचा पत्ता नाही.

मी म्हणालो, कापलेलं बरं. लहानपणी जखम लवकर भरते.

"आनि लस? थांबलं तर?"

"थांबण्यात अर्थ नाही."

जसं बोललो तसं इथे लिहिलंय, उद्या मला फिरवता येऊ नये म्हणून.

१५ मार्च
क्लोरोफॉर्म. घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराने डोकं धरलं. सगळं वीस मिनिटांत. रक्त थोडं. काडी-हाडाच्या खालच्या टोकाला सांधा, पुढे तीन पेरं, आपल्या बोटासारखी. सुंदर. आधी बाटलीचं झाकण लावलं आणि मग पट्टी पुरी केली. घोडी सारखी खिंकाळत होती.

सांगली, २० मार्च
सभागृह भरलेलं. वामनने बाटली वर धरली, माणसं पुढे वाकली. माझं नाव घेतलं. टाळ्या. मागून एकाने विचारलं, "आणि शिंगरू कसं आहे?" वामनने माझ्याकडे पाहिलं. "छान आहे," मी म्हणालो. निघताना छानच होतं. पण त्यानंतर व्याख्यानातलं एक अक्षर कानात शिरलं नाही.

म्हसवड, २३ मार्च
जखम कोरडी, वास नाही. शिंगरू आईमागे पळतं. सुभेदारीणबाईंनी दहीपोहे दिले, अर्धे तसेच ठेवून उठलो. मुलाचं पत्र अजून नाही. सु. त्याचं नावही काढत नाहीत, शिंगरावरून हात फिरवत बसतात.

संध्याकाळच्या मोटारीने लस आली. उद्या सकाळी टोचतो.

२४ मार्च
सुई उकळत ठेवली होती, तेवढ्यात मोतद्दार दारात. धापा टाकत. "शिंगराचं तोंड उघडंना. कान ताठल्यात. हात लावला की सगळं अंग थरथर करतंय. मालकानं बिगी बिगी बलावलंय."

लस घेतली आहे. आता तिचा कितपत उपयोग, मला माहीत आहे. तरी टोचणार. अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, कानात कापूस, नळीने दूध. वाचतात, एखादं वाचतं.

सु. मला बोल लावणार नाहीत. 'तुमी हुता म्हनून एवढं तरी जगलं,' असंच म्हणतील. ते म्हणायच्या आत मला बोलायला हवं. बारा तारखेचं पान फाडून खिशात घातलं आहे. जीभ अडली तर कागद देईन.

देईन का