साच्यातला फोटो

४ मार्च
...त्या सकाळी सडा घातला, दूध तापवलं, ह्यांचा डबा भरला. हे सांगलीला आमच्या हळदीच्या दुकानात गेले, ते घरी आलेच नाहीत. ह्यांना जाऊन तिसरं वर्ष चालू आहे. आज दुकानाची वेबसाइट बघितली. संस्थापक म्हणून धाकट्या दिराचा, आप्पासो भाऊजींचा फोटो. तोही फेटा बांधून! दुकान काढलं ह्यांनी. आता मीच वेबसाइट काढणार. आठ दिवसांत भाऊजींना तोंड लपवायला जागा उरणार नाही.

९ मार्च
लेक अंकिता कॉम्प्युटर शिकली आहे. फोनवर म्हणाली, आई, सगळं पान एकदम लिहू नकोस, छोटे छोटे कंपोनंट कर. म्हणजे करंजीचा साचा. साचा एकच, सारण दर वेळी वेगळं द्यायचं. त्या सारणाला प्रॉप्स म्हणतात. सोपं आहे. मला वाचायला तरी कुणी शिकवलं होतं?

१७ मार्च
आठ दिवस कधीच झाले. स्क्रीनवर नुसत्या लाल एरर. लाइट जाते, नाहीतर झालंच असतं.

२ एप्रिल, दुपारी
माणसाचं कार्ड तयार! फोटो, खाली एक ओळ. ह्यांच्याखाली लिहिलं, संस्थापक. अंकिता म्हणाली, फोटोही प्रॉप्समधूनच दे. हे काय बाहेरचे आहेत? साच्यातच पक्का बसवला. छान दिसतात.

३ एप्रिल
त्याच साच्यातून दुसरं कार्ड. भाऊजींचा फेटेवाला फोटो दिला. नाव घालून पान विटाळलं नाही. खाली एवढंच, 'भावाचं दुकान लाटणारा लबाड'. त्यांचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून खालचं कार्ड न बघताच लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली.

संध्याकाळी
कुणी चकार शब्द काढला नाही. घाबरले सगळे.

४ एप्रिल
भाऊजींचा फोन. रडत होते. म्हणाले, आवं वयनी, मला काय बी बोला, पर दादाला लबाड म्हणता? त्यो उलटून बोलायला बी न्हाई आता.
पान उघडलं. दोन्ही कार्डांवर ह्यांचाच फोटो, साच्यात पक्का बसवलेला. 'लबाड'च्या वरही तसेच हसत होते.
म्हटलं, भाऊजी, ते तुमच्यासाठी होतं.
ते म्हणाले, मग हरकत न्हाई. माझा फोटू लावा, दादाला तिथनं काढा.

५ एप्रिल
ह्यांचा फोटो साच्याबाहेर काढून प्रॉप्समधून दिला. दुसऱ्या कार्डावर भाऊजी आले. 'लबाड'ची अख्खी ओळ पुसली. तिथे 'धाकटा भाऊ' लिहिलं, आणि लिंक पुन्हा ग्रुपवर टाकली.