सांगून सांगून दमले

ताई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायला बसले होते, पण या वेळी ते जमत नाही.

छातीतली ती गाठ कॅन्सरची निघाली. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वेळेत सापडलीय म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. हॉस्पिटल स्वच्छ आहे, काळजी करू नकोस. आईला मात्र इतक्यात सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

खरं सांगू? आजारापेक्षा सांगण्याचाच वीट आलाय. ह्यांना सांगितलं, तर डोकं धरून खाली बसले. "आता माझं कसं होणार गं?" म्हणाले. उठून पाणी मीच आणून दिलं. कारखान्यात शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीला सांगितलं, तर ती गळ्यात पडून हमसून हमसून रडली. तिची पाठ मी थोपटली आणि तिच्या वाट्याच्या कॉलरीही मीच शिवल्या. सुपरवायझरबाई तेवढ्या रडल्या नाहीत. "तुझ्या मशीनवर कुणाला बसवू, तूच सांग," म्हणाल्या. तेही सांगितलं.

आजारी मी आहे ना गं? मग जो तो माझ्याकडूनच धीर का मागतोय?

म्हणून तुला फोन केला नाही, पत्र टाकतेय. वाच, दार लावून पोटभर रडून घे. मग तोंड धुऊन मला फोन कर, आणि त्या वेळी मला रडू दे. तू मधे रडायचं नाहीस.

वाट बघतेय.

तुझी,
धाकटी