लॅपटॉपच्या पंख्यातलं कुंकू

बाबा, लॅपटॉप बदलायचा की आहे त्यातच नवे भाग घालून चालवायचा, प्रश्न एवढाच होता. पण तो डोक्यातून जाईना, आणि घरात कुणाशी बोलावं तर म्हणतात, त्यात काय एवढं. म्हणून तुमच्याशी बोलतेय. हा तोच लॅपटॉप, जो मी नवा आणला तेव्हा तुम्ही उलटा करून त्याच्या खालच्या जाळीला कान लावला होता आणि कारखान्यातल्या तुमच्या लेथ मशीनबद्दल बोलावं तसं "आवाज बरो आसा" म्हणाला होतात. गेले काही महिने तो आवाज बरा नव्हता. सुरू केला की घरघरायचा, तापायचा आणि ऐन मीटिंगमध्ये मान टाकायचा. तुमची नात म्हणाली, "आई, टाक ना ते डबडं, वाट लागलीय त्याची." मी तिच्यावर उगाच खेकसले.

खरी भानगड वेगळीच आहे. मी कंपन्यांची माहितीपत्रकं मराठीत करते, हे तुम्ही भेटेल त्याला कौतुकाने सांगायचात. आता तेच काम एक नवं सॉफ्टवेअर करतं. काम देणाऱ्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला, "मॅम, भाषांतर मशीनच करेल ना, तुम्ही फक्त चेक करायचं. पण ते तुमच्या लॅपटॉपवर चाललं पाहिजे हां, नाहीतर अवघड आहे." तिने नमुन्याला पाठवलेली पानं मी वाचली. चुका होत्या, पण कमी होत्या, आणि मला त्या कमी असण्याचाच राग आला. उद्या तपासायलाही माणूस लागणार नाही. मग जे यंत्र माझं काम खाणार, त्याच्यासाठी मीच नवं यंत्र घरात आणायचं? नाही आणलं तर आत्ताच काम जाणार. मला भीती वाटतेय, बाबा, आणि या वयात दुसरं काय करायचं ते सुचत नाही.

शेवटी कांदिवली स्टेशनजवळच्या रिपेरिंगवाल्याकडे गेले. त्याने खालचं झाकण उघडलं. "रॅम वाढवून देतो, डिस्क बदलतो, एकदम झकास पळेल. पण तुमचं ते नवीन सॉफ्टवेअर यावर नाही चढणार ताई, प्रोसेसरच जुना." मग तो थबकला. "हे काय? प्लास्टिकच्या पंख्याला गंज कसा?" त्याने बोट फिरवलं, बोट लाल झालं. "अहो, कुंकू आहे हे!" शेजारी एक तांदळाचा दाणाही होता. तो हसला, मीही हसले.

तुमचंच ते. अंधेरीला शेठच्या कारखान्याच्या गाळ्यात दसऱ्याला तुमचा लेथ धुऊन पुसून, झेंडूचा हार घालून बसलेला असायचा. लहानपणी तुम्ही मला न्यायचात, पेढ्याच्या लालचीने मी यायचे. त्या दिवशी बटण दाबायचं नाही. मी हात जोडून काहीतरी पुटपुटले की तुम्ही टोकायचात, "मशिनीकडे मागूचा नसता गो. माफी मागूची. वर्सभर राबवलंव तिका." तुमच्या शेवटच्या दसऱ्याला तुम्ही हेच माझ्या लॅपटॉपचं केलंत. उघड्या कीबोर्डवर हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल, आणि झाकण बंद. मला संध्याकाळपर्यंत काम पाठवायचं होतं. मी ओरडले, "बाबा, हा लेथ नाहीये!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोट भरता मा तुझा? मग झाला तर." पुढे कितीतरी दिवस बटणं करकरत होती.

आणि तो लेथ गेला तो दिवस मला या आठवड्यात सारखा दिसतोय. गाळ्यात संगणकावर चालणारं नवं मशीन आलंय. मी कॉलेजातून थेट तिकडे आलेय आणि दारात टेम्पो उभा आहे. तुम्ही तेलाचं फडकं घेऊन लेथ पुसताय, कोपरे न कोपरे. शेठ म्हणतो, "अरे, भंगारात तोडणार आहेत ते, तेल कशाला?" तुम्ही पुसतच राहता. नव्या मशीनवर तुम्ही काही महिने बटणं दाबलीत, ती तुम्हाला आवडली नाहीत, पण दाबलीत. मग शेठने तुम्हालाही घरी बसवलं. तुम्ही एकदाही तक्रार केली नाहीत, आणि मला तेव्हा ते मोठेपण वाटलं. आता वाटतं, तुम्ही घाबरला होतात. तसं असेल तर मला सांगायला हवं होतं.

रिपेरिंगवाल्याने विचारलं, "साफ करू?" मी म्हटलं, थोडं राहू दे. तो म्हणाला, "मग पंखा कसा फिरणार?" त्याने ब्लोअर मारला आणि तुमचं कुंकू काउंटरभर उडालं. पंखा मात्र फिरला.

मी नवा घेतला. सॉफ्टवेअर चालतं, मी चेक करते, अजून तरी करते. जुना टाकवला नाही. हे त्याच्यावरच लिहितेय. त्याचं नेट काढून टाकलंय, इथून कुणाला काही जात नाही.

काल दसरा होता. दोन्ही शेजारी शेजारी मांडले. जुन्याला तुमच्यासारखं कुंकू लावलं, नव्याला झाकणावर जपून, आत जाणार नाही असं. जुन्याची माफी मागितली, वर्षभर राबवल्याची. मग नव्यापुढे हात जोडले. मागायचं नसतं हे ठाऊक असून मागितलं, बाबा. म्हटलं, मला काढू नकोस.